उजव्या हातावरचे अकरा तीळ

माझ्या उजव्या हातावर किती तीळ आहेत, या प्रश्नाची आमच्या घरात दोन दिवसांत तीन उत्तरं निघाली. रात्री ट्यूबलाइटखाली मी मोजले तेव्हा ८. बायकोने चष्मा लावून मोजले तेव्हा १३. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी उभा राहून मी परत मोजले तर ११. रात्रीतून तीन उगवले नव्हते आणि दोन गळूनही पडले नव्हते.

या उद्योगाला कारण मेलबर्नची मावसबहीण. तिने घरच्या ग्रुपवर निरोप टाकला होता: उजव्या हातावर ११हून जास्त तीळ असतील तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो, सगळ्यांनी आपापले मोजा. झालं, काकांपासून भाच्यांपर्यंत सगळे बाह्या सरसावून बसले. "माझे दोनच", "माझे सतरा, आता काय करू?" असे आकडे पडायला लागले. एका आत्याने ओठावरच्या तिळाचं काय, असंही विचारून घेतलं. हातावर नाही म्हणून तो सुटला.

निरोप खोटा नव्हता. घरच्या ग्रुपवर असं क्वचित घडतं, म्हणून मुळात संशोधन काय आहे ते पाहायला बसलो. तेव्हा कळलं की निरोप खरा असला तरी मेलबर्नहून इथवर येताना त्यातल्या दोन गोष्टी वाटेत सांडल्या होत्या. तीळ मोजले होते कोणी, आणि कोणाचे.

संशोधन लंडनच्या किंग्ज कॉलेजचं. २०१५च्या ऑक्टोबरात ते 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी'त आलं. ब्रिटनमध्ये जुळ्या भावंडांची एक मोठी नोंदवही ठेवलेली आहे. त्यातल्या ३,५९४ गोऱ्या स्त्रियांच्या अंगावरचे तीळ १९९५ ते २००३ या काळात मोजून ठेवलेले होते, तेही शरीराचे १७ भाग पाडून, एकेका भागाचे वेगळे. संशोधकांना हवं होतं ते असं: फॅमिली डॉक्टरला प्रत्येकाचं सगळं अंग तपासायला वेळ नसतो, तर कोणता एक भाग मोजला म्हणजे बाकीच्याचा अंदाज येईल? शितावरून भाताची परीक्षा. ते शीत निघालं उजवा हात. उजव्या हातावर ७हून जास्त तीळ असतील तर सगळ्या अंगावर ५०हून जास्त असण्याची शक्यता ९ पट. ११हून जास्त असतील तर एकूण आकडा शंभरी ओलांडणारा असण्याची शक्यता बरीच. आणि ज्यांच्या अंगावर शंभराहून जास्त तीळ, त्यांना मेलॅनोमा होण्याचा धोका चारचौघांच्या सुमारे ५ पट.

मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. त्वचेच्या कर्करोगांत तो संख्येने कमी, पण जिवावर उठणारा. वरच्या थरात असतानाच सापडला तर तेवढा भाग कापून काढला की बहुतेकदा काम होतं. खोल गेला तर लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत, मेंदू अशी मजल मारतो. तीळ म्हणजे त्याच रंगपेशींचा एका जागी जमलेला घोळका. म्हणून तिळांचा आणि या रोगाचा संबंध लागतो.

आता पहिली सांडलेली गोष्ट. त्या साडेतीन हजार बायकांनी आपले तीळ आपण मोजले नव्हते. ते काम प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी केलं होतं, कशाला तीळ म्हणायचं आणि कशाला नाही याचे नियम हाताशी ठेवून. आमच्या घरी ते काम दोन वेगवेगळ्या नंबरांच्या चष्म्यांनी केलं.

कशाला तीळ म्हणायचं, हीच पहिली अडचण. मराठीत आपण तीळ हा शब्द सढळ हाताने वापरतो. सपाट काळा ठिपका तीळ, थोडा उंचवटा आला तर मस, लोंबायला लागला तर चामखीळ, जन्मापासून असेल तर जन्मखूण. पण फॉर्मवर 'ओळखीची खूण' लिहायची वेळ आली की यातलं काहीही असो, आपण 'गालावर तीळ' लिहून मोकळे होतो. त्वचेच्या डॉक्टरांच्या लेखी यातले सगळे मोजायचे नाहीत. मानेवर लोंबणारी चामखीळ हा रंगपेशींचा घोळका नव्हेच. चाळिशीनंतर गालांवर, डोळ्यांभोवती बारीक काळे दाणे येतात, आपल्याकडे घरटी एकाला तरी असतात. तेही या हिशेबातले तीळ नव्हेत. म्हातारपणी पाठीवर मेण थापल्यासारखे तपकिरी खडबडीत चट्टे येतात, तेही नाहीत. गोऱ्या माणसाच्या हातावर उन्हाने उठणारे फिकट ठिपके, ज्यांना इंग्रजीत फ्रेकल म्हणतात, तेही वेगळे: ते उन्हाळ्यात गडद होतात आणि थंडीत पुसट. खरा तीळ असा ऋतू पाहून वागत नाही.

बायकोच्या तेरांमधला एक ठिपका म्हणजे कोपराजवळ मला लहानपणी झालेल्या जखमेचा डाग होता. "अहो, पण दिसतो तिळासारखाच," हे तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

दुसरी अडचण मापाची. अभ्यासांत बहुतेकदा २ मिलिमीटरच्या खालचे ठिपके धरत नाहीत. काही अभ्यासांत ही रेघ ३ मिलिमीटरवर असते. घरी अंगाला पट्टी लावून कोण बसणार? पण इथे भाषेनेच सोय करून ठेवली आहे असं मला वाटलं. स्वयंपाकघरातला तिळाचा दाणा साधारण ३ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ज्या दाण्यावरून ठिपक्याला नाव पडलं, तोच दाणा मोजपट्टी म्हणून चालतो. मी डब्यातून चिमूटभर तीळ काढले आणि ठिपक्यांशेजारी एकेक ठेवून पाहिले. दाण्याएवढे किंवा त्याहून मोठे भरले फक्त ४. तीन उत्तरं होती, त्यात चौथ्याची भर.

तिसरी अडचण पाठीची. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, हे सांगायला संशोधन लागत नाही. पण मेलॅनोमाच्या बाबतीत ते महाग पडतं. गोऱ्या लोकांत पुरुषांना हा रोग सर्वांत जास्त धडावर होतो, त्यातही पाठीवर, आणि बायकांना पायांवर. म्हणजे पुरुषाचे जे तीळ मोजण्यातून हमखास सुटतात, ते नेमके त्याच्या जोखमीच्या जागचे. हाताचा आधार सोयीचा वाटतो तो यामुळेही. हात निदान प्रत्येकाला दिसतो.

वयाची अडचण मात्र मला आधी सुचलीच नव्हती. तीळ जन्मतः फार थोडे असतात. ते लहानपणी आणि पौगंडावस्थेत उगवत जातात, विशी-तिशीत सर्वांत जास्त असतात आणि पन्नाशीनंतर हळूहळू पुसट होत मावळायला लागतात. मेलॅनोमाचा धोका मात्र वयासोबत वाढत जातो. साठीच्या माणसाने आज मोजलेला आकडा कमी आला म्हणून त्याने निश्चिंत व्हावं असं नाही. त्याच्या अंगावर पंचविशीत किती होते, हा जास्त कामाचा प्रश्न. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात २०११मध्ये क्यूस्किन नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, ४० ते ६९ वयाच्या ४३,०००हून अधिक लोकांचा. तिथल्या संशोधकांनी पुढे मेलॅनोमाच्या धोक्याचा अंदाज देणारी प्रश्नावली बनवली, आणि त्यात माणसाला विचारतात ते वयाच्या २१व्या वर्षी अंगावर किती तीळ होते हे. आकडा मागतच नाहीत. अजिबात नाहीत, थोडे, बरेच, पुष्कळ, यातलं एक निवडायचं.

मला या साध्या युक्तीचं कौतुक वाटतं. माणसं आपले तीळ मोजतात तेव्हा आकडा चुकतो. रुग्णाने केलेली मोजणी आणि डॉक्टरने केलेली मोजणी शेजारी ठेवून पाहणारे अभ्यास अनेक देशांत झाले आणि त्यांतलं एकमत बेताचंच निघालं. इतकंच काय, दोन तज्ज्ञ डॉक्टर एकाच पाठीवर सारखा आकडा सांगतील याचीही खात्री नसते. पण 'आपण तीळवाल्यांपैकी आहोत की नाही', हे माणसाला ढोबळ मानाने कळतं. पाहुण्यांना पंगतीत मोजून वाढपी कधी नेमका आकडा सांगत नाही, पण पंगत भरली की निम्मी रिकामी हे त्याला दारातून दिसतं. तेवढ्यावर भात किती घालायचा ते ठरतं. तिळांची स्वतः केलेली मोजणी साधारण तेवढ्या विश्वासाची आहे. १४ की १९ यात तिला काही कळत नाही. १५ की १०० यात कळतं.

संशोधकांना मात्र या चुकीची एक वेगळीच डोकेदुखी होते. समजा शंभर मेलॅनोमाचे रुग्ण आणि शंभर निरोगी माणसं बोलावून दोघांनाही विचारलं, तुमच्या अंगावर किती तीळ? रुग्णाने गेले सहा महिने आरशासमोर काढलेले असतात. डॉक्टरांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलेलं असतं. त्याचा आकडा बारकाईचा. निरोगी माणूस "असतील दहा-बारा" म्हणून सोडून देतो. फरक तिळांत किती आणि बघण्यात किती, हे मग सोडवता येत नाही. म्हणून आजार व्हायच्या आधी विचारून ठेवणारे अभ्यास जास्त मोलाचे. अमेरिकेत परिचारिकांचा जो प्रसिद्ध दीर्घ अभ्यास आहे, त्यात १९८६मध्ये हजारो परिचारिकांना पत्राने विचारलं होतं की डाव्या हातावर ३ मिलिमीटरहून मोठे तीळ किती, आणि पुढची दोन तपं त्यांची प्रकृती नोंदवली. तिथेही मोजणी स्वतःची, पण मोजणाऱ्या परिचारिका आणि मोजणी रोगाच्या आधीची. डावा हात का, उजवा का नाही, असा वाद घालण्यात अर्थ नाही. शीत कुठलंही चालतं, भात एकच आहे.

बरं, आकडा नेमका कळलाच असं धरू. तो सांगतो काय?

इटलीतल्या संशोधकांनी २००५मध्ये चाळीसहून अधिक अभ्यासांची गोळाबेरीज मांडली. अंगावर १५हून कमी तीळ असलेल्यांच्या तुलनेत १०० ते १२० तीळ असलेल्यांना मेलॅनोमाचा धोका जवळजवळ ७ पट निघाला. त्याच गोळाबेरजेत आणखी एक गोष्ट होती: तीळ नुसते पुष्कळ असण्यासारखेच, ते वेडेवाकडे असणंही मोजावं लागतं. मोठे, कडा पुसट, रंग एकसारखा नाही, असे ५ तीळ अंगावर असतील तर एकही नसलेल्यांच्या मानाने धोका ६ पटींच्या वर. शंभर साधे तीळ आणि पाच वेडेवाकडे तीळ जवळपास एका पारड्यात बसतात. हातावरचे अकरा मोजणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

इथे माणसं एक गैरसमज करून घेतात, आणि मीही केला होता. तीळ पुष्कळ असणं धोक्याचं, म्हणजे प्रत्येक तीळ हा एक छोटा सुरुंग, कधीतरी फुटणार. तसं नाही. बहुतेक साध्या तिळांच्या पेशींमध्ये बीआरएएफ नावाच्या जनुकात बिघाड झालेला असतो, मेलॅनोमाच्या निम्म्या रुग्णांत सापडतो तोच. हे २००३मध्ये कळलं तेव्हा शास्त्रज्ञही चक्रावले होते. बिघाड तोच, तर मग तीळ कर्करोग का होत नाही? कारण पेशी काही वेळा दुणावतात आणि मग त्यांच्यातलाच ब्रेक लागतो. त्या म्हाताऱ्या होऊन जागच्या जागी बसून राहतात. वर्षानुवर्षं गालावर तसाच असलेला तीळ म्हणजे ब्रेक नीट लागल्याची खूण आहे. एखादा विशिष्ट तीळ पुढे मेलॅनोमा होण्याची शक्यता किती, याचा अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००३मध्ये अंदाज काढला होता. विशीतल्या माणसाचा एक तीळ घेतला तर तो वयाच्या ८०पर्यंत बिघडण्याची शक्यता पुरुषात सुमारे ३,२००त एक, बाईत सुमारे १०,८००त एक. आणि हा हिशेब गोऱ्यांची संख्या जास्त असलेल्या देशातला.

शिवाय मेलॅनोमा तिळातून उगवतोच असं नाही. २०१७मध्ये वीस हजार मेलॅनोमांची नोंद एकत्र करून पाहिली, तर सुमारे २९ टक्केच आधीच्या तिळात सुरू झालेले होते. उरलेले ७१ टक्के कोऱ्या त्वचेवर, जिथे काल काहीच नव्हतं तिथे. म्हणजे तीळ पुष्कळ असणं हे त्या माणसाच्या त्वचेबद्दल काही सांगतं: तिच्या रंगपेशी उत्साही आहेत, लहानपणी तिने ऊन पुष्कळ खाल्लंय, आईबापांकडून काही जनुकं आली आहेत. पिंपळाची रोपं भिंतीत जागोजाग उगवलेली दिसली की भिंतीत ओल आहे हे कळतं. पुढची भेग त्या रोपांपाशीच पडेल असं मात्र सांगता येत नाही. म्हणून सगळे तीळ काढून टाकले तर धोका जाईल, हाही हिशेब चुकतो.

आणि तीळ कमी असलेल्यांनी सुटकेचा श्वास टाकावा का? एक मनातलं गणित करून पाहू, आकडे केवळ समजण्यासाठी. एका गावात १०,००० माणसं. त्यातल्या ५०० जणांच्या अंगावर पुष्कळ तीळ, त्यांच्यात आयुष्यभरात शंभरी ५ जणांना रोग होतो. बाकी ९,५००मध्ये शंभरी एकाला. पुष्कळ तीळवाल्यांत रुग्ण झाले २५. कमी तीळवाल्यांत ९५. धोका पाचपट असूनही दवाखान्यात येणाऱ्या १२०पैकी ९५ जण कमी तिळांचे! हे नुसतं कागदावर नाही. अमेरिकेत २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५६६ मेलॅनोमा रुग्णांचे तीळ मोजले होते. त्यातल्या दोन तृतीयांश लोकांच्या अंगावर २० किंवा त्याहून कमी तीळ निघाले. ग्रुपवर "माझे दोनच" म्हणून अंगठा दाखवणाऱ्या काकांना मी हे कळवलं नाही, कारण त्यांना त्याची गरज फारशी नाही. ती का नाही, हीच वाटेत सांडलेली दुसरी गोष्ट.

कोणाचे तीळ? वर जेवढे पट आले, पाच, सहा, सात, ते सगळे गोऱ्या कातडीच्या लोकांवर मोजलेले. मेलॅनोमाच्या बाबतीत जग दोन तुकड्यांत आहे. २०२० साली जगभरात सुमारे ३,२५,००० नवे रुग्ण झाले. ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखामागे पस्तिसाच्या वर, भारतात लाखात एकही पुरता नाही. ऊन आपल्याकडेही कमी नाही. फरक कातडीतल्या रंगद्रव्याचा. सातपट हा शब्द ऐकून घाबरण्याआधी कशाच्या सातपट हे विचारलं पाहिजे. शून्याला लागून असलेल्या संख्येची सातपटही शून्याच्या शेजारीच राहते. आणि तो सातपट आपल्या कातडीला लागू पडतोच, असं गृहीत धरायलाही आधार नाही, कारण आपल्यात होणारा मेलॅनोमा मुळात निराळ्या जागी होतो.

सावळ्या-काळ्या लोकांत तो जास्त करून तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो, किंवा तोंडाच्या आतल्या आवरणात, गुदद्वारापाशी. जिथे ऊन पोचत नाही अशा जागा. तिळांच्या संख्येशी किंवा सनस्क्रीनशी त्याचं नातं गोऱ्यांच्या मेलॅनोमासारखं नाही. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७मध्ये सापडला. १९८१च्या मे महिन्यात, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले. फुटबॉल खेळताना लागलेली जखम म्हणून सुरुवातीला त्याकडे पाहिलं गेलं होतं. आपल्याकडे टाचेवरच्या काळ्या डागाला भोवरी म्हणतात, कुरूप म्हणतात, काटा रुतला असेल म्हणतात. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायाला काहीतरी लागलेलंच असतं, म्हणून वर्ष-वर्ष कोणी बघत नाही. बघायचं ते इथे. तळव्यावर नवा काळा डाग आला आणि पसरतोय. नखात एक काळी उभी रेघ आली, एकाच नखात, ती रुंदावतेय, आणि काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरलाय. सावळ्या लोकांच्या अनेक नखांत अशा बारीक रेघा मुळातच असतात, त्या निरुपद्रवी. एकटीच उगवलेली आणि वाढणारी रेघ डॉक्टरला दाखवायची.

अंगावरच्या बाकी तिळांबद्दलही मोजण्यापेक्षा बदल पाहणं जास्त कामाचं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५मध्ये ओळखीची चार लक्षणं सांगितली: दोन अर्धे सारखे नाहीत, कड वेडीवाकडी, रंग एकच नाही, आकार ६ मिलिमीटरच्या वर, म्हणजे पेन्सिलीमागच्या खोडरबराएवढा. २००४मध्ये पाचवं जोडलं, बदल. माझ्या मते उलट्या क्रमाने सांगायला हवं होतं, कारण पहिली चार लक्षणं बसणारे कितीतरी तीळ निरुपद्रवी असतात. १९९८मध्ये फ्रान्समधून आलेली खूण त्याहून सोपी: प्रत्येकाच्या अंगावरचे तीळ एकमेकांचे भाऊ शोभावेत असे दिसतात, त्यांच्यात एकच परका दिसला तर तो दाखवा. त्यासाठी मोजायला लागत नाही, अंग ओळखीचं असायला लागतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे सहा महिन्यांनी मापाचा वाद होत नाही.

एक करू नये. वाढणारा मस घोड्याच्या केसाने करकचून बांधणं किंवा चुना-सोडा लावून जाळणं, हे अजून चालतं. बरा मस गळून पडला तर ठीक. पण तो मेलॅनोमा असेल तर वरचा भाग जातो, मूळ राहतं आणि तपासणीसाठी पाठवायला तुकडाच उरत नाही.

हा सगळा मेलॅनोमाचा हिशेब झाला. निरोपात लिहिलं होतं 'त्वचेचा कर्करोग', आणि तो एवढाच नसतो. महाराष्ट्रात तर त्याची एक जुनी गोष्ट आहे आणि तिच्यात तीळ कुठेच येत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५मध्येच धोतर कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बांधल्याने त्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे साडीचीही झाली. २०२४मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीने कमरेला पडलेल्या, वर्षभराहून जास्त काळ न भरलेल्या जखमेत कर्करोग निघाल्याचं लिहिलं. भाजल्याच्या जुन्या व्रणावर पुन्हा उघडलेली, भरतच नसलेली जखम ही त्याच जातीची. आमच्या आजीच्या कमरेला नाडीचा काळा घट्टा होता, कायमचा. तो कुणी कधी मोजला नाही आणि पाहिलाही नाही. बरं, ती नाडी थोडी सैल बांधली किंवा जागा बदलली, तरी पुष्कळ साधतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, एवढं लांब कोणी वाचत नाही. मावसबहिणीला फोन केला. तिचे यजमान तिकडचेच, आजोबा आयर्लंडमधून आलेले, केस तांबूस, लहानपण सगळं समुद्रकिनाऱ्यावर गेलेलं. म्हटलं, "ताई, तू आम्हां सगळ्यांना हात मोजायला लावलेस, पण हा निरोप ज्याच्यासाठी आहे तो तुझ्या घरात बसलाय. भावजींची पाठ पाहिलीस का कधी?"

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. साठापर्यंत मोजले, मग सोडून दिलं. त्वचेच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे.